वारीचा मुक्काम आणि वरकड खर्च

मृगाच्या सरी कोसळून पेरणी आटोपली, की वऱ्हाडातील गावागावांना पंढरीचे वेध लागतात. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे गावही त्यास अपवाद नाही. कपाशी आणि सोयाबीनचे बी मातीच्या स्वाधीन केले, म्हणजे शेतकरी गृहस्थाचे मन चंद्रभागेकडे धाव घेऊ लागते. कोणी दिंडीसंगे महिनाभर आधीच पायी निघालेला असतो; कोणी खामगावहून एस्. टी. पकडतो, कोणी आषाढीनिमित्त सोडल्या जाणाऱ्या खास आगगाडीची वाट पाहतो. शेजारच्या शेगावाहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरीस गेलेली असते, तिच्या वार्ता घरोघरी पोचत असतात, आणि ज्यांना पायी जाणे शक्य नसते त्यांच्याही घरी पिशवीत टाळ, बुक्का नि दोन जोड कपडे भरले जातात.

या तयारीत एक प्रश्न मात्र बहुधा शेवटी विचारला जातो, आणि तोही हळू आवाजात: तिकडे उतरायचे कोठे, आणि त्यास लागेल किती? देव भावाचा भुकेला आहे, यात शंका नाही. परंतु जेथे पाठ टेकावयाची, तेथील व्यवस्थापक भावाचा नव्हे, पैशाचा हिशोब मांडणार. त्या हिशोबात पाटीवर लिहिलेल्या भाड्यापेक्षा न लिहिलेला खर्चच पुष्कळदा जड होतो. आजच्या या पवित्र दिवशी आम्ही या रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण या वरकड खर्चापायी कित्येक घरांची वारी अर्धवट राहते.

ती कशी, हे पाहण्याजोगे आहे. आषाढी वारी एकादशीच्या दर्शनाने संपत नाही. द्वादशीस पारणे असते आणि पौर्णिमेस गोपाळपुरी गोपाळकाला होतो. काल्याचा प्रसाद मुखी पडला म्हणजे वारीची सांगता झाली, अशी परंपरा आहे. परंतु भाड्याच्या खोलीत उतरलेले कुटुंब एकादशीच्या रात्रीच परतीची गाडी शोधू लागते. आणखी एक दिवस राहावयाचे तर आणखी एक दिवसाचे भाडे, त्यावर गाद्यांचे, गरम पाण्याचे, आणि कशाकशाचे! घरातील म्हातारी माणसे काही बोलत नाहीत. मुलाच्या खिशाकडे पाहून ती स्वतःच म्हणतात, “झालं दर्शन, चला आता घरी.” या एका वाक्यात किती इच्छा गिळलेली असते, हे ज्याचे त्यास ठाऊक.

प्रवास स्वस्त, मुक्काम महाग

एका गोष्टीचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्रात एस्. टी.चा प्रवास वृद्धांना आणि स्त्रियांना अलीकडे पुष्कळ सुलभ झाला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना एस्. टी.त विनामूल्य प्रवासाची सवलत मिळाली. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे भाडे आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही अर्ध्या तिकिटाची सवलत लागू झाली. शिवाय २०२४ आणि २०२५ या वर्षी, चाळीस किंवा त्याहून अधिक भाविकांनी एकत्र मागणी केल्यास त्यांच्या गावाहूनच थेट पंढरपूरची गाडी देण्याची सोय महामंडळाने जाहीर केली होती. पिंपळगाव राजासारख्या गावाने चाळीस माणसे गोळा करावयाची म्हटले, तर एका भजनी मंडळाचे ते काम आहे.

अशा रीतीने तिकिटात वाचलेला पैसा शिलकीत राहावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो लॉजच्या काउंटरवर जातो. म्हणून यात्रेस निघणाऱ्याने प्रवासाचा जेवढा विचार करावयाचा, त्याच्या दुप्पट मुक्कामाचा केला पाहिजे.

पूर्वी लोक कोठे उतरत

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. काशी, गया, प्रयाग, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्री यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी उतरत. उपाध्यायांच्या वहीत पणजोबांचे नाव सापडे आणि त्या नावाच्या आधारावर पणतवास ओसरी मिळे. पंढरीतही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वाड्यांतून वारकरी उतरत आले. भाडे असे नव्हते. निघताना यथाशक्ति दक्षिणा ठेवावयाची. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभर तीर्थक्षेत्री मंदिरे आणि घाट बांधले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याबरोबरच त्यांनी धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे उभी केली, हे विसरून चालणार नाही. देवळाचा कळस जितका आवश्यक, तितकेच यात्रेकरूच्या डोक्यावरचे छप्पर आवश्यक, हे त्या थोर स्त्रीने ओळखले होते.

तरीही त्या काळाचे गुणगान करताना एक सत्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. धर्मशाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. ज्या चोखोबांना पंढरीनाथाने जवळ केले, त्यांच्या समाजातील वारकऱ्यास पंढरीत पाठ टेकण्यास जागा मिळत नसे. ही उणीव भरून काढली ती आपल्याच वऱ्हाडच्या एका विरक्त पुरुषाने. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी पंढरपुरात संत चोखामेळ्यांच्या नावाने धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. स्वतः बाबा खापर आणि खराटा घेऊन फिरत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी स्वतःसाठी घर बांधले नाही. हजारोंच्या मुक्कामाची चिंता वाहणारा हा सत्पुरुष स्वतः मात्र बेघर राहिला.

ती परंपरा आजही नष्ट झालेली नाही. परंतु भाविकांची संख्या अफाट वाढली, क्षेत्रोक्षेत्री लॉज आणि हॉटेले उभी राहिली, आणि बहुसंख्य यात्रेकरू आता तेथेच उतरतात. त्यात गैर काही नाही. व्यवसाय करणाऱ्याने रास्त भाडे घ्यावे आणि आपण ते आनंदाने द्यावे. आमचा रोख आहे तो न सांगता पावतीत शिरणाऱ्या रकमांवर.

दिवस कोठून मोजावयाचा?

वरकड खर्चाचे पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे दिवसाची मोजणी. काही ठिकाणी खोली घेतल्या वेळेपासून चोवीस तासांचा दिवस धरतात. काही ठिकाणी दुपारी बारा ते दुपारी बारा असा दिवस धरतात, मग तुम्ही पहाटे चारला आला असाल तरी. आमच्या भागातून जाणाऱ्या गाड्या पुष्कळदा अवेळी पोचतात, आणि हा फरक तेव्हाच कळतो जेव्हा पावती हाती पडते.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. पिंपळगाव राजाहून वृद्ध आई-वडील, मुलगा, सून आणि एक नातू असे पाच जण एखाद्या साध्या एकादशीस पंढरीस गेले. दशमीच्या पहाटे चारला पोचले आणि द्वादशीस पारणे सोडून दुपारी तीनला निघाले. खोलीचे भाडे दिवसास ९०० रुपये, आणि दोन जादा गाद्यांचे प्रत्येकी १५० प्रमाणे ३०० रुपये, असे धरू. प्रत्यक्ष मुक्काम झाला ५९ तासांचा, म्हणजे अडीच दिवसांहून किंचित कमी. परंतु बारा ते बारा या मोजणीने दशमीची सकाळ हा एक दिवस, पुढील दोन दुपारींपर्यंतचे दोन दिवस, आणि द्वादशीच्या दुपारचे तीन तास हा चौथा दिवस झाला. चार दिवसांचे १,२०० प्रमाणे ४,८०० रुपये, त्यावर पाच टक्के कर २४० रुपये. एकूण ५,०४० रुपये.

आता हेच कुटुंब थोडे विचाराने वागले असते तर? पहाटे उतरताच लॉजवाल्यास विचारून सामान तेथे ठेवावे, चंद्रभागेचे स्नान करावे, पुंडलिकाचे दर्शन घेऊन विठ्ठलाच्या दर्शनबारीत उभे राहावे. बारीत दुपार सहज होते. खोलीचा ताबा दुपारी बाराला घ्यावा आणि द्वादशीस बाराच्या आत ती रिकामी करून सामान पुन्हा त्यांच्याच काउंटरपाशी ठेवावे. बहुतेक ठिकाणी एवढी सोय विनामूल्य करतात. मात्र विचारावे लागते. मग दिवस झाले दोन. खोली व गाद्यांचे २,४०० आणि कराचे १२० मिळून २,५२० रुपये. खर्च नेमका निम्म्यावर आला, आणि देवाजवळ घालविलेला वेळ तेवढाच राहिला, किंबहुना वाढला!

चोवीस तासांची मोजणी असलेल्या ठिकाणी याच कुटुंबास पहाटे चारलाच खोली घेऊन तीन दिवसांचे भाडे पडले असते. बरोबर अतिवृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर तेथेच उतरावे. त्या एका दिवसाच्या भाड्याकडे पाहू नये. काटकसर ही आई-वडिलांच्या कष्टांच्या मोलाने करावयाची नसते.

कर कोणता आणि शुल्क कोणते

दुसरे कारण म्हणजे पावतीवरील अनेक नावांच्या रकमा. यांपैकी काही द्याव्याच लागतात, काही मुळीच द्यावयाच्या नसतात. हा विवेक प्रत्येक गृहस्थास असला पाहिजे.

वस्तू व सेवा कर हा शासनाचा कर आहे. पूर्वी दिवसास १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीस तो माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ही सर्वसाधारण माफी संपली आणि बारा टक्के कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसास ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील हा कर पाच टक्क्यांवर आणण्यात आला आहे. म्हणजे ९०० रुपयांच्या खोलीवर ४५ रुपये आणि १,५०० रुपयांच्या खोलीवर ७५ रुपये. अजूनही कोणी बारा टक्के लावीत असेल, तर त्यास नम्रपणे पण ठामपणे विचारावे. दुसरे असे की, जो व्यावसायिक या कराखाली नोंदलेलाच नाही, त्यास तो कर गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याचा अधिकार नाही. नोंदलेल्याच्या पावतीवर पंधरा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. महाराष्ट्रातील क्रमांकाचा आरंभ २७ या अंकाने होतो. क्रमांक नाही आणि कर मात्र आहे, अशी पावती दिसली की समजावे, काही तरी पाणी मुरते आहे.

भाविकांच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची सवलत आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय अथवा धार्मिक न्यासाने आपल्या देवस्थानाच्या परिसरात दिलेली खोली, तिचे भाडे दिवसास १,००० रुपयांहून कमी असल्यास, या करातून मुक्त आहे. २०२२ साली अमृतसरच्या सरायांसंबंधी प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा अशा न्यासाच्या खोल्या देवस्थानाच्या आवाराच्या भिंतीबाहेर असल्या तरी त्यांना ही माफी मिळते, असा खुलासा केंद्र शासनाने त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात केला. मात्र केवळ ‘भक्तनिवास’ किंवा ‘यात्री निवास’ अशी पाटी लावल्याने कोणी न्यास होत नाही. कित्येक खाजगी लॉजेही हीच नावे धारण करतात. म्हणून हे निवास कोणत्या संस्थेचे, हा प्रश्न प्रथम विचारावा.

सेवाशुल्काची गोष्ट निराळी. हा कर नव्हे. भोजनाच्या बिलात पाच किंवा दहा टक्के सेवाशुल्क आपोआप जोडण्याची प्रथा पुष्कळ हॉटेलांत पडली होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगितले की, हे शुल्क बिलात आपोआप जोडता येणार नाही, दुसऱ्या नावाने घेता येणार नाही, आणि ते न देणाऱ्यास सेवा नाकारता येणार नाही. ते देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे उचलून धरली. असे शुल्क बिलात दिसले, तर ते काढून टाकण्यास सांगावे. ऐकले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ज्या पोऱ्याने प्रेमाने वाढले, त्याच्या हातावर चार पैसे ठेवावयाचे असतील तर ते अवश्य ठेवावेत. ते दान आहे, दंड नव्हे.

अलीकडे मोबाइलवरून पैसे देण्याची रीत खेड्यापाड्यांतही रुळली आहे. बँकेच्या खात्यातून यूपीआयने दिलेल्या रकमेवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यास शुल्क लागत नाही. मग “मोबाइलने द्याल तर दोन टक्के जास्त” या म्हणण्यास आधार तो कोणता राहिला?

बाटलीबंद पाण्याविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. छापील किमतीहून अधिक घेणे सर्वत्र बेकायदेशीर आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु हॉटेलात बसवून, टेबलावर आणून दिलेल्या पाण्यास अधिक दर लावता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिला आहे. तेव्हा तेथे वाद घालून मनःशांती घालविण्यापेक्षा घरून तांब्या किंवा बाटली बरोबर न्यावी, आणि पिण्याचे साधे पाणी मागावे हेच बरे.

काउंटरवर विचारावयाचे पाच प्रश्न

आमच्या अनुभवाचे सार असे की, भांडण पावती हाती आल्यावर करण्याऐवजी पैसे हातचे सुटण्यापूर्वी बोलणे करावे. एका क्षेत्री आम्हांस गरम पाण्याच्या प्रत्येक बादलीचे पैसे निघताना मागण्यात आले. आधी कोणी काही बोलले नव्हते. असा प्रसंग टाळावयाचा तर पाच प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला: करासह एकूण किती द्यावे लागतील? दुसरा: दिवस केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो? तिसरा: एवढ्या भाड्यात किती माणसे राहू शकतील, आणि किती वयाच्या मुलाचे वेगळे पैसे पडतात? चौथा: गरम पाणी, गादी, चादर, गाडी उभी करण्याची जागा, यांचे निराळे काही आहे काय? पाचवा: अनामत किती, ती केव्हा परत मिळणार, आणि तिची पावती देता काय?

ही उत्तरे घरातील तरुणाने एका चिठ्ठीवर लिहून व्यवस्थापकास दाखवावीत. फोनवरून बोलणे झाले असेल, तर तेच संदेशाने लिहून पाठवावे आणि होकार मागवावा. लिहिलेल्या शब्दापुढे पुष्कळ जादा रकमा आपोआप गळून पडतात. खोलीतील तुटके कडीकोयंडे किंवा फुटका आरसाही ताबा घेतानाच दाखवून द्यावा, म्हणजे निघताना त्याची भरपाई आपल्या माथी येत नाही.

देवस्थानांचा आसरा

या सर्व कटकटीतून सुटण्याचा राजमार्ग म्हणजे देवस्थानांची आणि मठांची निवासव्यवस्था. आपल्या जिल्ह्यास याचा अभिमान वाटावा असे उदाहरण दाराशीच आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची स्थापना महाराजांच्या हयातीतच, १९०८ साली झाली; महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. संस्थानच्या भक्तनिवासांतील स्वच्छता, सेवेकऱ्यांचे नम्र बोलणे आणि हिशोबातील चोखपणा यांची ख्याती महाराष्ट्राबाहेरही पोचली आहे. दीर्घकाळ संस्थानची धुरा वाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले. त्यांनी घालून दिलेली शिस्त आजही भाविकास जाणवते. याच संस्थानची सोय पंढरपूर, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वर येथेही आहे. वऱ्हाडातून जाणाऱ्या माणसास परक्या क्षेत्री गावचे माणूस भेटल्यासारखे तेथे वाटते.

पंढरपुरात श्री विठ्ठल रुक्मिणी मंदिर समितीचे भक्तनिवास आहे. दिंडीसमवेत जाणाऱ्यांचा प्रश्न त्याहून सोपा: दिंडीची भिशी एकदा भरली, की भोजन आणि मुक्काम दोन्हींची चिंता मिटते. यात्राकाळी ‘पासष्ट एकर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मैदानावर दिंड्यांना राहुट्यांसाठी जागा दिली जाते. तिरुमलेस जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे की, तेथे देवस्थानाच्या यात्रेकरू-सुविधा संकुलांत सामान्य भाविकास विनामूल्य उतरता येते आणि सामानासाठी कुलूपबंद कप्पा मिळतो; अन्नप्रसादही विनामूल्य आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे लंगर आणि यात्री निवास हेही प्रवाशास परके मानीत नाहीत.

परंतु येथेही सावधपण हवे. मोठ्या देवस्थानांच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून खोलीच्या आगाऊ नोंदणीचे पैसे उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये तीर्थयात्रेकरूंना याबाबत जाहीर इशारा दिला होता. अशी फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. खोलीसाठी कोणा व्यक्तीच्या खाजगी खात्यात पैसे भरावयास सांगितले, की तेथेच थांबावे. देवस्थानच्या कार्यालयात स्वतः चौकशी करावी, किंवा गावातील जाणत्या वारकऱ्यास विचारावे. तीस वाऱ्या केलेला म्हातारा आजही कोणत्याही यंत्राहून अधिक माहितगार असतो.

आपलाही धर्म आहे

इतके लिहिल्यावर वाचकांस दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य ठरते. वरकड खर्च टाळणे निराळे आणि द्यावयाचे बुडविणे निराळे. तिघांची खोली घेऊन मागच्या दाराने सात जण आत नेणे, अनामतीची चादर पिशवीत घालून आणणे, नळ उघडा ठेवून जाणे, या गोष्टी चतुराई म्हणून सांगितल्या जातात. देवाच्या दारी जाऊन केलेली ही चतुराई कोणत्या खात्यावर जमा होणार? आपण जेव्हा व्यवस्थापकाकडे चोख पावती मागतो, तेव्हा आपली माणसांची गणतीही चोख असली पाहिजे.

तद्वतच, विनामूल्य मिळालेला आसरा फुकटचा समजू नये. तो कोणा तरी पूर्वसूरींच्या दानावर उभा असतो. निघताना खोली झाडावी, केर गोळा करावा, आणि दानपेटीत यथाशक्ति काही टाकावे. गाडगे महाराजांचे स्मरण करावयाचे तर खराट्याइतके सोपे साधन दुसरे नाही. ज्यांना लॉजचे भाडे सहज परवडते, त्यांनी गर्दीच्या दिवसांत मठाची ओसरी गोरगरिबांसाठी सोडावी, असेही आम्ही सुचवितो. पडवीतील एक चौरंगाएवढी जागाही एखाद्या निराधार माउलीस पौर्णिमेपर्यंत थांबविण्यास पुरेशी असते.

पिंपळगाव राजासारख्या गावांनी याहून पुढचे पाऊल टाकण्यास हरकत नाही. गावातील भजनी मंडळाने कोणत्या क्षेत्री कोठे उतरलो, दिवस कसा मोजला, एकूण किती पडले, कोणी चांगले वागविले, याची एक वही विठ्ठल मंदिरात ठेवावी. जो परत येईल त्याने त्यात चार ओळी लिहाव्यात. पूर्वी उपाध्यायांच्या वहीत आपल्या पूर्वजांची नावे असत. आता आपल्या वहीत मुक्कामांची नावे असू देत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात असल्याचे जाहीर झाले आहे. अशा महापर्वात खोल्यांचे भाव गगनास भिडतात, आणि अशी एक वही शेकडो घरांना उपयोगी पडते.

वरील उदाहरणातील कुटुंबाचे २,५२० रुपये वाचले, हे आपण पाहिले. त्याच दराने तेवढ्या रकमेत आणखी दोन दिवसांचा मुक्काम होतो. द्वादशीस निघणारी ती माणसे आषाढीस गेली, तर चतुर्दशीपर्यंत निवांत थांबू शकतील. उरलेली एक रात्र एखाद्या मठाच्या ओसरीवर कीर्तन ऐकण्यात सहज सरेल. मग पौर्णिमेच्या सकाळी गोपाळपुरी म्हाताऱ्या आई-वडिलांच्या हातावर काल्याची लाही पडेल, आणि “चला आता घरी” हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेल ते तृप्तीने.